मोटंच्या कातड्याचं बेरिंग

"ह्या मोटारीच्या पोटात कायतरी ठोकतंय गं," रंगुबाई शेजारणीच्या कानाला लागून कुरकुरली. "ठक ठक ठक. जणू कुणी मुसळ घिऊन आत बसलंय. आन् ह्यो आपला पुढं बघून चाललाय, वरातीतल्या नवऱ्यागत."

"हळू बोल की. ऐकंल."

"कोण ऐकंल?" रंगुबाई बोलून गेली आणि लगेच तिनं जीभ चावली.

शेजारीण बाहेरच्या उसाकडं बघायला लागली. रंगुबाईनं मांडीवरची अंड्यांची पाटी उगाच सारखी केली. मोटार हाकणाऱ्या लालासाहेबाची मान तिच्या तोंडापासून वीतभर लांब होती. फौजी पद्धतीनं मागून भादरलेली, उन्हानं रापलेली ती मान. ती वळली नाही. मोटार त्रिपुटीच्या चढाला लागली आणि आतलं मुसळ जोरानं कांडायला लागलं.

कोरेगावच्या ठेसनापासून साताऱ्यापर्यंत ही मोटार दिवसातून दोन खेपा करायची. लढाई संपल्यावर पुण्याला लष्करी सामानाचे लिलाव झाले, त्यात लालासाहेबानं ती घेतली होती. साठवलेला पगार गेला होता, आईची पुतळ्यांची माळ गेली होती. परवाना नऊ माणसांचा होता. बसायची चौदा, आणि कोंबड्या वेगळ्या. धाकटा भाऊ गुंडा बाहेरच्या पायरीवर लटकून पैसे घ्यायचा. मोटार थांबवायची असली तर तो आत हात घालून लालासाहेबाच्या खांद्यावर एक थाप मारायचा, सोडायची असली तर दोन. नव्या माणसानं "अशी पाठ का बडवता रं बिचाऱ्याची?" म्हणून विचारलं तर गुंडा सांगायचा, "फौजेची रीत हाय."

ही रीत गेल्या श्रावणात निघाली. रंगुबाईचा एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर असताना मोटार सुटली होती. ती ओरडली, तिच्याबरोबर सगळी मोटार ओरडली. लालासाहेब बराच पुढं गेला आणि आरशात रस्त्यावर फुटलेली अंडी दिसली तेव्हा थांबला. रंगुबाईचा गुडघा सोलला होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिच्या दारात चार डझन अंडी ठेवून आला. त्यानंतर त्यानं मोटारीला आणखी दोन आरसे लावून घेतले. आता मोटारीला तीन आरसे झाले. कोरेगावच्या न्हाव्याकडं दोनच होते.

त्या दिवशी खेप संपवून दोघं भाऊ घरी आले तेव्हा त्यांची आई मनुबाई जोत्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. लालासाहेब पाय धुवायला दगडावर गेला. गुंडा आईजवळ टेकला.

"आय, मोटार मिस्त्रीला दावाय पायजे. बेरिंग धरलंय बहुतेक."

"किती घील त्यो?"

"उघडायचं, धातू वतायचं, बसवायचं. दीडशे तरी."

"दीडशे! दीडशात खोंड ईल दावणीला."

लालासाहेबाला पाय धुताना त्यांची हलणारी तोंडं दिसली. तो धोतराला हात पुसत आला आणि दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागला. त्याची बायको लीलाबाई चुलीपुढून उठली. हातातली काटवट तशीच धरून ती त्याच्या बरोब्बर समोर उभी राहिली आणि जणू दिराचीच तक्रार करावी तसं म्हणाली, "भावजी म्हंत्यात, मिस्त्रीला दावायची. दीडशे रुपयं पडत्याल."

हे लीलाबाईचं रोजचं काम होतं. घरात कुणी काही बोललं की ती ते नवऱ्याच्या तोंडासमोर पुन्हा बोलायची. कधी रागावल्यासारखी, कधी हसण्यावारी. नवी आलेली पाहुणी म्हणायची, मनुबाईची सून लय तोंडाळ हाय. मनुबाई ते ऐकून घ्यायची. ह्याच मनुबाईनं एरवी सुनेला पदर कपाळाखाली ओढायला लावला असता. पण दोन दिवाळ्यांमागं लालासाहेब फौजेतून आला आणि पंधराच दिवसांत सासू आपणहून म्हणाली, "घरात नगं गं त्यो पदर एवढा फुडं. धूर लागतुया डोळ्याला." धुराचा आणि पदराचा काय संबंध, हे लीलाबाईनं विचारलं नाही.

"मिस्त्री?" लालासाहेब म्हणाला. त्याचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जायचा. "त्यो काय माझ्यापरीस जास्ती जाणतो? इटलीत म्या चिखलात झोपून लॉऱ्या उघडल्यात्या. दीडशे रुपयं कशाचं? वरचं टॅपेट सैल झाल्यात. उद्या मी बसवतो."

"पर दादा," गुंडा म्हणाला, "आवाज खालनं येतुया."

तो हे शेंगांकडं बघत म्हणाला, त्यामुळं ते लालासाहेबापर्यंत गेलं नाही. लीलाबाईनं या वेळी ते पुन्हा सांगितलं नाही.

मागच्या खेपेला साताऱ्याच्या कारखान्यात काय झालं होतं ते गुंडाला ठाऊक होतं. मिस्त्री बॉनेटात डोकं घालून विचारत होता, "तेल कवा बदललं?" आणि लालासाहेब त्याच्या पाठीमागं उभा राहून सांगत होता, "व्हय, चाकाचंच बगाया आलोय." हाताखालची माणसं फिदीफिदी हसली. त्याच कारखान्याच्या दारातल्या बाकावर मोटारींचे परवाने तपासणारा पोलीस रोज चहा प्यायचा. एकदा का त्याच्या कानावर गेलं की परवाना जमा. परवाना गेला की मोटार म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, आणि लालासाहेब म्हणजे गुंडाच्या शेतावरचा एक गडी. फौजेच्या डॉक्टरनं सुटताना 'तब्येत उत्तम' असं कसं लिहून दिलं, ते देवाला ठाऊक, नाहीतर लालासाहेबाला. खरं लिहून घेतलं असतं तर थोडी पेन्शन बसली असती. पण मग मोटार चालवता आली नसती.

म्हणून त्या घरात सगळे दीडशे रुपयांबद्दल बोलत. त्या रात्री दिवा विझेपर्यंत बोलत होते. मिस्त्री कसा लुटतो, सांगलीत हेच काम किती स्वस्त पडतं, पर तिथवर न्यायची कशी, घरी केलं तर किती वाचतील. लग्नातल्या मानपानाबद्दलही त्या घरात एवढी चर्चा झाली नव्हती. दीडशे रुपयांबद्दल बोलता येत होतं.

दुसऱ्या दिवशी लालासाहेबानं अंगणात मोटार उघडली. तरटावर पाने ओळीनं मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत, फौजेतल्या कवायतीसारखे. काम करताना त्याचा चेहरा सुटायचा. कपाळावरची ती कायमची आठी, समोरच्याचं तोंड वाचता वाचता पडलेली, ती कामात जायची. लोखंडाला तोंड नसतं. त्याला नुसता हात लावला की पुरे.

टॅपेट बसवून झाल्यावर त्यानं हँडल मारून इंजन चालू केलं. लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मोठे मिस्त्री असंच करतात. लीलाबाई गवऱ्यांची पाटी घेऊन जागीच थांबली.

लग्न झालं तेव्हा हा माणूस बैलाच्या घुंगरांवरून सांगायचा, डावा बैल लंगडतोय म्हणून. मळ्यातून गाडी येताना ती अजून ओढ्यापलीकडं असायची, आणि हा इकडं ओसरीवर बसून सांगायचा, "आबांची गाडी न्हवं, मामाची हाय. त्येच्या आखाला वंगण न्हाई." तोच माणूस पेचकस कानाला लावून मान हलवत होता, अगदी जाणत्यासारखी. इंजनाच्या पोटात मुसळ कांडत होतं, ठक ठक ठक, आणि गोठ्यातली म्हैससुद्धा तिकडं कान टवकारून बघत होती.

त्यानं डोळे उघडले. आई, भाऊ, बायको. तिघांच्या तोंडांकडं त्यानं एकेक करून पाहिलं.

"गेला न्हवं ठोका?"

मनुबाई आधी बोलली. "गेला रं बाबा. लय ग्वाड चाललीया."

"व्हय," गुंडा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला. "फरक हाय."

शेवटी त्यानं लीलाबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. मान हलवायला बोलावं लागत नाही, त्यामुळं खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. निदान त्या वेळी वाटत नाही.

तो हसला. "वाचलं दीडशे," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्रिपुटीच्या चढावरच मोटारीनं दम सोडला. आधी जळक्या तेलाचा वास आला, मग धूर. पुढच्या काचेत धूर दिसला तेव्हा लालासाहेबानं ती थांबवली. चौदा माणसं उतरली आणि आपापली गाठोडी डोक्यावर घेऊन साताऱ्याच्या दिशेनं चालायला लागली. रंगुबाई जाताना गुंडाजवळ थांबली. तिला काही बोलायचं होतं. मग तिनं नुसता त्याच्या हातात मोटारभाड्याचा आणा ठेवला. "अर्ध्या वाटंपतूर आणलंस न्हवं," म्हणाली आणि गेली.

गुंडानं गावातून दोन बैलजोड्या आणल्या. मोटार बैलांमागं दोर लावून घरी आली. बाजाराचा दिवस होता, रस्ता माणसांनी भरलेला.

"काय लालासाहेब, पेट्रोलचं कूपन संपलं व्हय? वैरणीवर चालवतुयास जनू!"

"गड्या, चार बैलांची मोटार! आता मोट बी हिलाच जुप!"

माणसं हसत होती. लालासाहेब चाकावर हात ठेवून बसला होता. त्यानं हसणारी तोंडं पाहिली आणि तोही हसला. काय बोललं गेलं ते न कळता, सगळे हसतायत म्हणून हसला. पुढं बैलांचे कासरे धरून चालणाऱ्या गुंडानं मागं वळून भावाचं ते हसणं बघितलं, आणि घर येईपर्यंत पुन्हा मागं बघितलं नाही.

अंगणात मोटारीखाली तरट सरकवून लालासाहेब आडवा झाला. तळाचं चेंबर त्यानं उतरवलं. काळं तेल परातीत काढलं. परातीच्या तळाशी काहीतरी चमकत होतं. त्यानं बोटानं घोळून वर काढलं. पांढऱ्या धातूचे पातळ पापुद्रे, माशाच्या खवल्यांसारखे. बेरिंग वितळून गेलं होतं.

असं बेरिंग एका दिवसात वितळत नाही. आठ-दहा दिवस ते ठोकत राहतं, ओरडून सांगत राहतं. हे त्याच्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तो तळहातावर ते पापुद्रे घेऊन मोटारीखालून सरपटत बाहेर आला आणि मातीतच बसला. हात पुढं करून त्यानं गुंडाला दाखवलं.

"ठोका व्हता?"

गुंडा परातीतल्या तेलाकडं बघायला लागला.

"त्या दिशी. टॅपेट बसवलं तवा. व्हता का?"

"हलका व्हता," गुंडा म्हणाला. "लय न्हवता."

लालासाहेबानं आईकडं पाहिलं. मनुबाई शेंगा सोलत होती, पण सुपात शेंगाच नव्हत्या, नुसती टरफलं होती. लीलाबाईकडं त्यानं पाहिलं नाही. तळहात परातीत झाडला आणि हात धुवायला गेला.

दोन दिवस मोटार अंगणात तशीच उघडी पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या आढ्याला टांगलेली जुनी मोट त्यानं खाली काढली.

विहिरीतून पाणी ओढायची ती कातड्याची मोट त्यांच्या वडिलांची होती. सोंड फाटली म्हणून बाजूला पडलेली, पण आजवर कुणी टाकून दिली नव्हती. म्हशीचं जाड कातडं, वीस वर्षं तेल आणि पाणी पिऊन मऊ झालेलं.

"तिला कशाला हात लावतुस?" मनुबाई धावली. "तुझ्या बाच्या हातची हाय. लक्ष्मी हाय ती!"

त्याची पाठ होती. त्यानं विळा घेतला आणि चार बोटं रुंदीचा एक पट्टा कापला. मनुबाई तोंडावर पदर घेऊन उंबऱ्यावर बसली.

लीलाबाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "काय करतायसा?"

"बेरिंग," तो म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "आगं, इटलीत लॉरीचं असंच वितळलं व्हतं. फुडं गोळं पडत्यात, मागं सायब बोंबलतोय. म्या कंबरेचा पट्टा काढला, त्येलात बुडवला आन् बेरिंगाच्या जागी घातला. चाळीस मैल आणली लॉरी! सायबानं पाठ थोपटली. आन् म्या येका हातानं चाक धरलेलं, दुसऱ्या हातात इजार!"

लीलाबाई हसली. फार दिवसांनी हसली. तोही हसला, आणि या वेळी कशाला हसतोय ते त्याला ठाऊक होतं.

कातड्याचा पट्टा एरंडेलात भिजत घातला. दुसऱ्या दिवशी दुपारभर तो मोटारीखाली होता. खाली उजेड नव्हता, म्हणून लीलाबाई ओट्याशी उकिडवी बसून हातातल्या आरशानं ऊन आत पाडत होती. ऊन सरकलं की तीही सरकायची. तिचे हात भरून आले. आत त्याच्या डोळ्यांत तेल टपकत होतं, कोपरं सोलली होती. पण त्याची बोटं अशी चालत होती, की लीलाबाईला वाटलं, ह्या बोटांना बघून कुणी म्हणंल का, की ह्या माणसाचं काय कमी हाय? कातडं त्यानं केसभर तासलं, लावून बघितलं, काढलं, पुन्हा तासलं. एकदा तो आतून म्हणाला, "लीले, उजवीकडं." नाव घेऊन. चारचौघांत त्यानं कधी नाव घेतलं नव्हतं. पण तिथं कोण होतं? मोटार आणि तीन कोंबड्या.

संध्याकाळी इंजन चालू झालं. सगळ्यांनी कान दिला. ठोका नव्हता. खरंच नव्हता. लालासाहेबानं या वेळी कुणालाच काही विचारलं नाही.

"ह्ये साताऱ्यापतूर जाईल," जेवताना तो म्हणाला. "हळूहळू नेली तर. मिस्त्रीकडनं नुसता धातू वतून घ्यायचा. बसवायचं मी. तीस-चाळीसात काम भागंल." मग तो ताटात बघून बोलला. "पर कातडं कवा सुटंल सांगता येत न्हाई. सुटलं की ठोका येतो. ठोका आला की तिथंच, त्याच पावलाला इंजन बंद कराय पायजे. न्हाईतर दांडा तुटून इंजन फाटतं. मग दीडशात न्हाई भागत. मग काय बी करून भागत न्हाई."

मग मोटारीत कोण बसणार, हा प्रश्न ताटाभोवती फिरत राहिला. गुंडाचा ऊस तोडून गुऱ्हाळावर पडला होता, उद्या त्याच्या गुळाची काहील लागणार होती. ती पाळी सोडली तर पंधरा दिवस ऊस वाळणार.

मनुबाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "लीलाचं डोळं दुखाया लागल्यात. साताऱ्याच्या डॉक्टरला दावून आणा तिला. मोटार जातीयाच, तर बसंल फुडं."

लीलाबाईचे डोळे चांगले होते. सुईत दोरा ती उंबऱ्यातून ओवायची. पण ती म्हणाली, "व्हय, पाणी येतंय खरं." आणि तसं म्हणताना ते आलंही.

निघताना लालासाहेबानं तिला सांगितलं, "ठोका आला की माझ्या मांडीवर थाप मार. कसं हाय, इंजनाच्या गलक्यात..." पुढं तो बोलला नाही. हँडल मारायला गेला.

पुढच्या बाकावर, ड्रायव्हरशेजारी, पाटील-मास्तरांची जागा असते. तिथं घरची सून बसलेली बघून कोरेगावच्या वेशीत माणसं उभी राहिली. "आज मालकीणबाई फस क्लासात!" कुणीतरी ओरडलं. लीलाबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला. डाव्या हातानं पदर धरला, उजवा मांडीवर तयार ठेवला.

मोटार बैलगाडीच्या चालीनं चालली होती. त्रिपुटीचा चढ गेला. तिनं श्वास सोडला. ऊन चढलं, उसाच्या तुऱ्यांवरून वारा येत होता, आणि इंजन एकसुरी घरघरत होतं, जात्यासारखं. तिला वाटलं, हा रस्ता असाच चालावा. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर बाजूला करून मान हलवली, की आवाज नाही. या वेळी खरं होतं. त्यानं पुढं बघत हलकेच शीळ घातली. सूर चुकत होता. त्याला कसा कळणार? तिनं तो तसाच ऐकला, शेवटपर्यंत.

माहुलीच्या पुलापाशी उसाच्या गाड्या आडव्या आल्या. गाड्यांबरोबर सात-आठ माणसं चालत होती. त्यातल्या पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याला लीलाबाईनं ओळखलं. आकारामअण्णा, तिच्या माहेरचे, वडिलांचे थोरले चुलतभाऊ. तिच्या लग्नात अक्षता टाकणारे. त्यांनीही तिला ओळखलं आणि हात वर केला.

तिनं झटकन पदर पुढं ओढला. दोन्ही हातांनी.

त्याच वेळी ते आलं. ठक.

ठक. ठक. पूल संपून साताऱ्याकडचा चढ सुरू झाला होता. आकारामअण्णा आणि त्यांच्याबरोबरची माणसं मोटारीच्या बाजूनंच चालत होती, हातभर अंतरावर, आत बघत. त्यांच्यासमोर, बापाच्या जागी असलेल्या माणसासमोर, नवऱ्याच्या मांडीवर हात? तिचा उजवा हात पदरातून सुटला आणि वाटेतच थांबला.

"आवं," ती म्हणाली.

ठक ठक ठक.

"आवं! आवं, थांबवा!"

नाव घ्यायची रीत नव्हती. घेतलं असतं तरी काय झालं असतं? लालासाहेब पुढं बघत होता. तोंडाचा चंबू तसाच होता, शीळ घालत. चढाला जोर हवा म्हणून त्यानं पाय आणखी दाबला.

"आवं!" ती किंचाळली. गाडीचे बैल बुजले. मग रीत, पदर, अण्णा सगळं सोडून तिनं थाप मारली, एक नाही, चार-पाच, मुठी वळून.

तोवर आत काहीतरी तुटलं. कोयत्यानं हाड फोडावं तसा आवाज झाला. मोटार एकदा उडाली आणि थांबली. तो आवाज मात्र त्याच्या तळपायांतून वर गेला. शीळ ओठांवरच राहिली.

तो उतरला. बॉनेट उघडलं. इंजनाच्या कुशीला हाताचा पंजा जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून तुटलेला दांडा बाहेर आला होता. तेल रस्त्यावरून उताराला, पुलाकडं वाहत चाललं. भोकातून मोटंच्या कातड्याची एक चिंधी लोंबत होती, काळी, जळकी.

गाड्या थांबल्या. माणसं जमली. कुणी म्हणालं, "आता ही भंगारात." कुणी म्हणालं, "दोनशे तरी." दुसरा म्हणाला, "खुळा हाईस, नवं इंजन पायजे." पुन्हा सगळे रुपयांबद्दल बोलायला लागले.

आकारामअण्णा काठी टेकत पुढं आले. "पोरी, लागलं न्हाई न्हवं? आगं, पर ठोका आमास्नी रस्त्यावर ऐकू आला की. आन् मोटारीत बसलेल्या मानसाला..." त्यांनी लालासाहेबाकडं पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. म्हातारा जाणता होता. "गलका लय असतो मोटारीत," ते म्हणाले. "आमच्या गाड्यांचा बी गलका."

जो तो मान हलवायला लागला. व्हय, गाड्यांचा गलका. व्हय, चढ होता. सगळ्यांनी मिळून लालासाहेबाभोवती पुन्हा एकदा ते कुंपण घालून दिलं.

लालासाहेबानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तो लीलाबाईकडं बघत होता. हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले.

"थाप का न्हाई मारलीस?" त्याच्या आवाजानं पुलावरचे कावळे उठले.

पदराआडून ती म्हणाली, "हाक मारली."

तो तिच्या पदराकडं बघत राहिला. कपाळावर ती आठी पडली होती. "काय?"

"हाक मारली. तीनदा."

"काय म्हंतीस?"

आकारामअण्णा मध्ये पडले. "जाऊ दे पोरी. घाबरली असशील. जाऊ दे."

"आन् म्या इचारतोय," लालासाहेब म्हणाला. त्याचा आवाज आता चिरला होता. "का न्हाई मारलीस? तुला ऐकाया बसवलं व्हतं न्हवं?"

लीलाबाईनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी मागं सारला. पार खांद्यावर. उघड्या रस्त्यावर, सात-आठ परक्या माणसांसमोर आणि माहेरच्या थोरल्यासमोर तिचं सगळं तोंड उन्हात आलं. ती नवऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, रोज राहायची तशी, बरोब्बर समोर. ओठ नीट दिसावेत म्हणून तिनं हनुवटी वर केली आणि एकेक शब्द सुटा करून, हळू, कुणावर रागावल्यासारखं न करता, हसण्यावारी न नेता, ती म्हणाली,

"तुमाला. ऐकू. येत. न्हाई."